फोनवर सगळं बरंच असायचं

आमच्या गावात फौजेत गेलेल्या पोराला वाईट बातमी कळवत नाहीत. हा नियम कुणी चावडीवर बसून केलेला नाही, पण तो मोडायची टाप कुणाची नाही. मलकापूरच्या पुढं रत्नागिरी रस्त्याला लागून आमचं गाव, आणि घरटी एक तरी पोरगं वर्दीत. त्यामुळं गावात एक सोडून दोन गावं नांदतात. एक खरं, ज्यात माणसं आजारी पडतात, भिंती ढासळतात, भावकी एकमेकांच्या उरावर बसते. दुसरं फोनवरचं. तिथं बारा महिने सगळं झ्याक.

माझी आज्जी गेलेली मला तेरावं उरकल्यावर कळलं. आमची म्हैस मेली तरी फोनवर ती दोन्ही वेळचं दूध देत होती. सुट्टीवर आलो तर गोठा मोकळा. म्हटलं, "आई, म्हैस कुठाय?" तर म्हणाली, "मेली की. कवाच." आणि वर हसली. मीही हसलो, कारण म्हैसच होती.

आज ते आठवलं की हसू येत नाही, डोकं फिरतं. चिडका मी मुळातच. फौजेत लोक शांत होऊन येतात म्हणे. आमच्यात तसलं काही झालं नाही.

वडील मी शाळेत असतानाच गेले होते. त्यांनी बांधलेलं घर रस्त्याकडेलाच. पुढं सोपा, मागं गोठा, समोर शेणानं सारवलेलं अंगण. थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणतो, ती लग्न होऊन कोल्हापुरात, राजारामपुरीत राहायला गेली. तिनं आपला हक्क सोडला. आईच्या नावावर घर करू म्हटलं तर आई म्हणाली, "मला काय वर घिऊन जायचं हाय व्हय? तुझ्याच नावावर असू दे." म्हणून ते माझ्या एकट्याच्या नावावर झालं. माझं लग्न अजून व्हायचं होतं. घरात आई एकटी, आणि मी तिकडं वर, बर्फात, जिथं फोन लागणं हासुद्धा सणच.

त्या वर्षी सुट्टी ठरल्यापेक्षा आधी मिळाली. कुणाला कळवलं नाही. आईला चकित करायचं, एवढंच डोक्यात. कोल्हापूरच्या स्टँडवरनं थेट मलकापूरची गाडी धरली आणि पुढं वडापच्या जीपनं गावात उतरलो. आधी वाटलं, जागाच चुकलो. रस्ता रुंद झालेला, कडेची झाडं साफ झालेली. आणि आमच्या सोप्यात गॅसची शेगडी, तिच्यावर वडे तळायची कढई, चार बाकडी. हॉटेल! आमच्या सोप्यात!

कढईजवळचा माणूस म्हणाला, "या पावणं, बसा की. च्या देऊ?"

पाठीवर सामान तसंच ठेवून मी विचारलं, "हे घर कुणाचं?"

"मालकाचं. आमी भाड्यानं हाय. कबनूरला यंत्रमागावर हुतो, माग बंद पडलं, आलो हिकडं." आणि मालक म्हणून त्यानं नाव घेतलं ते माझ्या चुलतभावाचं.

त्या माणसाचा काय दोष? तो बिचारा पोट भरायला आलेला. काय करावं ते सुचेना, म्हणून मी माझ्याच सोप्यात गिऱ्हाईक होऊन बसलो आणि चहा घेतला. गोड होता, आलं जास्त झालेलं. मग उठून अंगणात आलो आणि आईला फोन लावला.

"आई, कुठं हाईस?"

"कुठं असनार? अंगणात बसलोय की. कोंबड्या हाकत."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, पुरुषासारख्या. तिचं बोलणं नेहमीचंच होतं, आवाजही नेहमीचाच. फक्त मागं सिटी बसचा हॉर्न वाजला आणि कुणी रिक्षावाला कुणाला तरी शिव्या देत गेला.

"आई," मी म्हटलं, "मी अंगणात हुबा हाय."

तिच्या मागं पुन्हा हॉर्न वाजला. मग म्हणाली, "जेवलास का?"

तसाच माघारी कोल्हापुरात आलो. राजारामपुरीत आक्काचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली क्लासच्या पोरांच्या गाड्यांची ही गर्दी, डॉक्टरांच्या पाट्या. वर गेलो तर आई गॅलरीत पाट टाकून बसलेली. सांगतो ते अगदी खरं, मी तिच्या पाया पडलो नाही. दारातनंच ओरडायला सुरुवात केली. "घर गेलं आणि मला सांगायचं न्हाय? मी काय मेलतो?" शेजारचं दार उघडलं, दाजी मला आत ओढायला लागले, आक्का रडायला लागली. आई उठली आणि भाकरी थापायला गेली. माझ्या ओरडण्यावर तिचं उत्तर हे एवढंच. ताट समोर आलं तेव्हा मी शिव्या देत देत जेवलो.

मग एकेक उलगडलं. चुलतभावानं तालुक्याच्या कोर्टात दावा लावला होता. म्हणे वाटणीत हे घर त्याच्या बापाच्या वाट्याला आलतं. इतकी वर्षं ते त्याला आठवलं नव्हतं. रस्ता रुंद व्हायला लागला, पुढची जागा सोन्याची झाली, तेव्हा आठवण झाली. कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तेव्हा दारात आई. तिनं अंगठा दिला, कागद घेतला आणि ठेवून दिला. आक्कालाही बोलली नाही. तिचं म्हणणं, "तुझ्या नावाचं भांडान. तू आल्याबिगार कोण काय करतंय? मिलिटरीतल्या मानसाच्या घराला हात लावायची कुनाची छाती हाय?" तारखा पडत गेल्या, आमच्या बाजूनं कुणी गेलं नाही, निकाल एकतर्फी झाला. ताबा घ्यायला कोर्टाचा बेलीफ दारात आला तेव्हा आक्काला कळलं. तिलाही आईनं माझीच शपथ घातली, माझ्याच जिवाची, की त्याला कळवायचं नाही. आणि मग ही बाई तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून मला फोनवर अंगणातल्या कोंबड्या सांगत राहिली.

"पन का? का असं?" मी आक्काला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. आई बाहेर होती.

आक्का हळू आवाजात म्हणाली, "मामामुळं."

आमचा मामा फौजेत होता आणि तिकडंच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. कसा गेला ते कधी कुणी बोललं नव्हतं. आक्कानं सांगितलं. आईकडचे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा आईनंच तार करायला लावली होती, लवकर ये म्हणून. मामाला तातडीची रजा मिळाली. डोंगरातनं खाली येताना गाडी दरीत गेली. आजोबा नंतर बरे झाले आणि कितीतरी वर्षं जगले. "ती अजून म्हनती," आक्का म्हणाली, "मीच बलावला आणि मीच घालवला."

माझा राग तिथं विझला असं नाही. राग होताच. पण त्यानंतर तिच्यावर ओरडायला तोंड उघडेना.

वकील म्हणून दाजींच्या ओळखीच्या एक बाई मिळाल्या. वय झालेल्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलायला फाडफाड. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "निकाल लागला तेव्हा तुम्ही नेमणुकीवर कुठं होता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, मग हा दावा चालायलाच नको होता!"

इंग्रजांच्या अमदानीपासनं आपल्याकडं कायदा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं वर्दी घालून फिरलो, पण हे कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं असेल तर मी तेव्हा पेंगत असेन. सैनिक सीमेवर अशा खडतर जागी असला आणि कोर्टात हजर राहू शकत नसला, तर त्याच्या वरिष्ठांचं तसं पत्र आलं की कोर्टानं त्याच्याविरुद्धचा दावा थांबवायचा. तो परत येईस्तोवर थांबवायचा. दावा लावणाऱ्याला समोरचा सैनिक आहे हे ठाऊक असेल, तर तसं त्यानं दाव्यातच लिहायला हवं. सैनिकाचं समन्ससुद्धा त्याच्या पलटणीकडं जायला हवं, घरी म्हातारीच्या हातात नव्हे. आणि इतकं असून त्याच्या माघारी एकतर्फी निकाल झालाच, तर आल्यावर तो रद्द करून मागता येतो.

"एक पत्र," बाई म्हणाल्या. "तुमच्या साहेबांचं एक पत्र आलं असतं, तर तुमच्या आई आज घरात असत्या. पण साहेबांना कळणार कुणाकडनं? तुमच्याकडनं. आणि तुम्हाला?"

आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बाईंनी हे तिच्यासमोर बोलायला नको होतं. कायदा तिच्या बाजूनं उभा होता. तिनं फक्त मला हाक मारायची होती. आणि तीच एक गोष्ट तिच्याच्यानं होणार नव्हती.

दाव्याची नक्कल काढली. माझ्या नावापुढं धंदा लिहिला होता, शेती. शेती! मला साधी सरी पाडता येत नाही. पुढं कोर्टाच्या आवारात चुलतभाऊ भेटला तर म्हणतो कसा, "तू फौजेत हाईस त्ये मला काय ठावं?" माझी भरती झाली तेव्हा गावानं मिरवणूक काढली होती आणि त्यात गुलालानं माखून सगळ्यात पुढं नाचलेला माणूस हा! मी त्याच्या अंगावर धावलो. वकीलबाई मध्ये पडल्या नसत्या तर माझ्यावरच दुसरा खटला उभा राहिला असता.

सुट्टी संपत आली. आक्कानं माझ्या वतीनं कोर्टात उभं राहायचं, असं लिहून द्यायचं ठरलं. तसा अधिकार सैनिकाला देता येतो, त्यावर साहेबांसमोर सही करावी लागते. निघायच्या दिवशी आईला समोर बसवलं.

"आता माझ्याशी खोटं बोलायचं न्हाय. भलं वाईट काय असंल ते सांगायचं. माझी शपथ."

"न्हाय बोलत बाबा."

"बघ हं!"

"न्हाय म्हटलं की. किती येळा म्हनू?"

पलटणीत गेल्यावर साहेबांकडं उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पत्रावर सही केली आणि एवढंच म्हणाले की हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस. सगळे मला हेच सांगत होते. जणू मी मजा म्हणून गप्प बसलो होतो!

तिकडं आक्का कोर्टात जाऊ लागली. निकाल रद्द झाला, पण ताबा परत मिळायला वेळ गेला. चुलतभाऊ कधी आजारी पडायचा, कधी त्याचा वकील. आई तिसऱ्या मजल्यावर. तिला जिना चढवेना, म्हणून ती खाली उतरायचीच नाही. फोनवर म्हणायची, "हितं पायाखाली माती न्हाय रं. लोकांच्या डोक्यावर बसल्यागत वाटतंय." तिला दुसरं काही नको होतं. त्या घरात जायचं, अंगण सारवायचं आणि पुढं जे काय व्हायचं ते तिथं होऊ दे, एवढंच. प्रत्येक फोनला विचारायची, "कवा मिळंल?" मी म्हणायचो, "मिळंल, कागद झालाय आता." आणि एकदा म्हणालो, "आई, तू त्या घरात पाऊल टाकलंस की बघ, मला झोप लागंल. तवर काय डोळ्याला डोळा लागत न्हाय." खोटं नव्हतं ते. पण पोरानं आईला बोलावं असं तेही नव्हतं.

तिनं मात्र वचन पाळलं. अगदी नको इतकं पाळलं. आज आमटी खारट झाली. आज आक्काच्या सासूशी वाजलं. गुडघा ठणकतोय. दाजींनी चप्पल आणली ती चावतेय. दोन मिनिटं लाइन मिळायची आणि त्यात हे सगळं! मी वैतागायचो आणि आतनं खूशही व्हायचो, की म्हातारी वळणावर आली. जी बाई खारट आमटी लपवत नाही, ती आणखी काय लपवणार?

मग एक दिवस फोन लागला आणि ती माझ्या आधीच बोलली.

"ऐक. मी आलो बघ घरात."

"खरं?"

"खरं न्हाय तर काय? सोप्यात बसलोय. त्यो वडंवाला गेला बिचारा, झाडून लोटून गेला. पन भिंतीला त्येलाचा वास मारतुया लई. तू आलास की चुना मारून घिऊ."

तो तेलाचा वास ऐकला आणि माझी खात्री पटली. सगळं झ्याक आहे म्हणाली असती तर संशय घेतला असता, पण ही तक्रार करत होती! आवाज थोडा खोल गेल्यासारखा वाटला, म्हटलं रेंज. मी विचारलं, "दम लागतुया का गं?" तर म्हणाली, "झाडलोट केली की. दम न्हाय तर काय लागनार?" मी खदाखदा हसलो. पोस्टवर सगळ्यांना सांगितलं. लंगरवाल्या आचाऱ्यानं शिरा केला. कुणीतरी म्हणालं, आता आईला सून बघायला सांग. तिला मी फोनवरच सांगितलं होतं, की आता मी निवांत. ती म्हणाली, "व्हय, नीज आता." आणि लाइन गेली.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. साहेबांनी बोलावून घेतलं, बसायला सांगितलं. आमच्यात साहेबानं बसायला सांगितलं की माणसाला कळतं. मी खाली उतरून, विमान धरून कोल्हापुरात पोचलो तोवर सगळं झालं होतं. आक्कानं मडकं धरलं होतं, राख सावडून झाली होती. हृदय थकलं होतं म्हणाले. मी मान हलवत होतो. मनात एकच धरून बसलो होतो, की शेवटी का असेना, तिला घर मिळालं. वकीलबाईंच्या पाया पडून आलो. त्या माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार होत्या, पण फाइल बांधायला वळल्या.

दिवस उरकल्यावर आक्काला घेऊन गावाकडं गेलो. कुलपाला दोन-तीनदा किल्ली फिरवावी लागली. आत भिंती तेलानं काळ्या झालेल्या, वास तसाच. जमिनीवर धूळ. मी आक्काला विचारत सुटलो. आई झोपायची कुठं? चूल कुठं मांडली होती? भांडी कुठं ठेवलीत? तिची वाकळ दिसत न्हाय, ती तू कोल्हापूरला नेलीस का?

आक्का उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "हितं कुनी न्हवतं रं."

मला कळेना.

"ती आलीच न्हाय. किल्ली मी घिऊन आलो. तवा ती दवाखान्यात हुती, आधीपासनंच. मी हितलं सगळं जाऊन सांगितलं तिला, वासाचं बी. फोनच्या वक्ताला नर्सबाईला तोंडावरचा आक्सिजनचा मास्क काढायला लावला. मी म्हटलं, आई, त्येला खरं सांगू या, त्यो रजा काढून यील. तर म्हनली, नगं, त्या रस्त्यानं नगं. त्येला झोप लागू दे."

मी आक्कावर ओरडलो नाही. कुणावरच ओरडलो नाही. त्याच धुळीत बसलो आणि मोठ्यानं रडलो. शेजारपाजारचे अंगणात येऊन उभे राहिले. त्यांची पोरंही तिकडंच होती.

ज्या दिवशी तो फोन झाला, त्या रात्री माझी गस्त नव्हती. मी खरंच झोपलो होतो. कितीतरी महिन्यांनी, अगदी गाढ.